विश्लेषण : ‘मला भीती वाटते’ असे सैनिक कवितेत कधी म्हणू लागला? पहिल्या महायुद्धातील कवींनी नेमके काय बदलले?

काटेरी तारांसमोर एक शिपाई चिखलात पालथा पडलेला आहे. समोर तारांवर त्याच्याच पलटणीतल्या एकाचा मृतदेह लटकतो आहे. जिवंत असताना आपल्या गावच्या बोलीत अखंड बडबड करणारा तो माणूस आता गप्प झाला आहे. गोळ्या डोक्यावरून जात आहेत. तेवढ्यात एक अधिकारी अतिशय सभ्य आवाजात शिपायाला विचारतो, की तिथल्या भोकातून सरपटत पुढे जाता येईल का? तारेत भोक नाही, हे शिपायाला दिसते आहे. तोही तेवढ्याच सभ्यपणे ‘साहेबां’ना नकार देतो आणि पडून राहतो.

आयव्हर गर्नी या ब्रिटिश कवीच्या ‘द सायलेंट वन’ या कवितेतला हा प्रसंग. गर्नी हा संगीतकार होता, लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिकलेला. पहिल्या महायुद्धात तो साधा शिपाई म्हणून ग्लॉस्टरशायर रेजिमेंटमध्ये लढला. १९१७ मध्ये आधी गोळी लागून जखमी झाला आणि त्याच वर्षी विषारी वायूच्या तडाख्यात सापडला. ही कविता त्याने युद्धानंतर लिहिली.

कवितेत रडारड नाही, घोषणा नाहीत, शत्रूला शिव्या नाहीत. एक माणूस घाबरला आहे आणि त्याची भीती अगदी रास्त आहे, एवढेच त्यात आहे. आज हे वाचताना फारसे धक्कादायक वाटणार नाही. मात्र ज्या सैन्यात हा प्रसंग घडतो, त्या सैन्यात असा नकार देणाऱ्याला गोळ्या घातल्या जाऊ शकत होत्या.

भीती हा गुन्हा होता का?

होता. ब्रिटिश लष्करी कायद्यात ‘शत्रूसमोर भ्याडपणा’ या आरोपाला देहदंडाची शिक्षा होती. पहिल्या महायुद्धात पळून जाणे, भ्याडपणा, पहाऱ्याची जागा सोडणे अशा आरोपांखाली ब्रिटन आणि तिच्या साम्राज्यातील ३०६ सैनिकांना त्यांच्याच बाजूने गोळ्या घालून ठार केले. यात बहुसंख्य प्रकरणे पळून जाण्याची होती. थेट भ्याडपणाच्या आरोपाखालील १८ होती.

त्यातला एक हॅरी फार. १९१५ मध्ये तोफगोळ्यांच्या माऱ्याने त्याचा तोल ढळला आणि तो सुमारे पाच महिने रुग्णालयात होता. बरा झाला असे ठरवून त्याला परत आघाडीवर पाठवले. १९१६ च्या सप्टेंबरमध्ये त्याने खंदकात पुढे जायला नकार दिला. लष्करी न्यायालयात त्याची बाजू मांडायला कोणी नव्हते. ऑक्टोबरमध्ये त्याला गोळ्या घातल्या, तेव्हा तो २५ वर्षांचा होता. त्याच्या कुटुंबाने अनेक वर्षे लढा दिला. अखेर २००६ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून या ३०६ जणांना माफी दिली. म्हणजे तब्बल ९० वर्षांनी.

दुसरीकडे, डॉक्टरांना काही तरी वेगळे दिसू लागले होते. चार्ल्स मायर्स या डॉक्टरने फेब्रुवारी १९१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ‘शेल शॉक’ हा शब्द वापरला. अंगावर जखम नाही, पण वाचा गेली आहे, हात थरथरतात, डोळ्यांना दिसत नाही, रात्री किंचाळत उठतात, अशी ही माणसे होती. युद्ध संपेपर्यंत ब्रिटिश सैन्यात अशा सुमारे ८० हजार रुग्णांची नोंद झाली. उपचारही हुद्दा पाहून होत. अधिकाऱ्यांसाठी बागबगीचा असलेली रुग्णालये होती. साध्या शिपायांच्या वाट्याला अनेकदा दटावणी येई, काही ठिकाणी तर विजेचे झटके. ज्या लक्षणांवरून अधिकाऱ्याला डॉक्टरकडे पाठवत, त्याच लक्षणांवरून शिपाई कोर्ट मार्शलसमोर उभा राहू शकत होता. त्या काळातली भीतीची कविता वाचताना ही पार्श्वभूमी लक्षात ठेवावी लागते.

त्याआधी युद्धकविता कशी होती?

बहुतेक भाषांमध्ये युद्धाची कविता ही लढाई पाहणाऱ्याने किंवा ऐकणाऱ्याने रचलेली असते. मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. पोवाड्यात शाहीर डफावर थाप मारतो आणि वीर दौडत सुटतो. नेसरीच्या खिंडीत १६७४ मध्ये प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार शत्रूच्या सैन्यावर तुटून पडले. कुसुमाग्रजांची त्यावरची कविता गाणे होऊन घराघरांत पोहोचली. ती ऐकताना आजही अंगावर काटा येतो. मात्र ती कविता आपण दुरून, धुळीच्या लोटाकडे पाहत ऐकतो. घोड्यावर बसलेल्या सातव्या स्वाराच्या पोटात त्या क्षणी काय होत होते, हा तिचा विषय नाही आणि तिने तो हाताळावा अशी अपेक्षाही नाही.

इंग्रजीतही हीच रीत होती. लॉर्ड टेनिसनने क्रिमियाच्या युद्धातील घोडदळाच्या चढाईवर १८५४ मध्ये गाजलेली कविता लिहिली, ती वर्तमानपत्रातली बातमी वाचून. चुकीच्या हुकमामुळे ते स्वार थेट तोफांच्या तोंडी गेले, हे त्याला ठाऊक होते. पण कविता सलाम करते आणि थांबते.

१९१४ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा तरुणांच्या डोक्यात याच कविता होत्या. रुपर्ट ब्रुक या देखण्या, केंब्रिजमध्ये शिकलेल्या कवीने देशासाठीच्या मरणावर पाच सुनीते लिहिली. त्यातले एक एप्रिल १९१५ मध्ये ईस्टरच्या रविवारी लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये प्रवचनात वाचले गेले. त्याच महिन्यात ब्रुक वारला. गॅलिपोलीकडे जाताना वाटेत, जहाजावर, डास चावून झालेल्या जंतुसंसर्गाने. मोठ्या लढाईत उतरण्याआधीच गेलेल्या या कवीला युद्धाचा चेहरा करण्यात आले. त्याची टिंगल करण्याचे कारण नाही. त्याने जे पाहिलेच नव्हते ते त्याच्या कवितेत नाही, इतकेच.

पुढच्या वर्षी सोमची लढाई झाली. १ जुलै १९१६ या एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे १९ हजार २४० जण मेले. एव्हाना ब्रिटनमध्ये सक्तीची भरती सुरू झाली होती. शिकलेले, वाचणारे, लिहिणारे हजारो तरुण खंदकात होते आणि खंदकात बसून कविता लिहीत होते.

विल्फ्रेड ओवेनच्या कवितेत भीती कशी दिसते?

शरीरात दिसते. हे त्याचे सर्वात मोठे वेगळेपण.

विल्फ्रेड ओवेन १८९३ मध्ये जन्मला. रेल्वेत काम करणाऱ्या वडिलांचा हा मुलगा युद्धापूर्वी फ्रान्समध्ये शिकवण्या करत होता. मँचेस्टर रेजिमेंटचा सेकंड लेफ्टनंट म्हणून तो आघाडीवर पोहोचला जानेवारी १९१७ मध्ये. पहिल्याच महिन्यात त्याला आपल्या माणसांसह दोन्ही सैन्यांमधल्या ‘नो मॅन्स लँड’मध्ये, जमिनीखालच्या एका पाणी भरलेल्या भुयारात सुमारे ५० तास काढावे लागले. वर तोफगोळे पडत होते. जिन्यावर पहाऱ्याला उभा केलेला एक शिपाई स्फोटाने खाली फेकला गेला आणि आंधळा झाला.

या अनुभवावर त्याने ‘द सेंट्री’ ही कविता लिहिली. ती पूर्ण व्हायला १९१८ उजाडले. त्यात अधिकारी त्या शिपायाच्या डोळ्यांपुढे मेणबत्ती धरतो आणि पुसटसा उजेड जरी दिसला तरी दृष्टी परत येईल, अशी समजूत घालतो. शेवटी शिपाई ओरडतो की त्याला दिवे दिसत आहेत. तेव्हा भुयारातले दिवे कधीच विझलेले असतात. कवितेत ‘भीती’ हा शब्द वापरावाच लागत नाही.

त्याच हिवाळ्यात कडाक्याची थंडी होती. आईला लिहिलेल्या पत्रात त्याने आपल्या तुकडीतला एक जण गोठून मेल्याचे कळवले आहे. ‘एक्स्पोजर’ ही कविता त्यातून आली. त्यात हल्ला होतच नाही. माणसे बर्फात पडून वाट पाहत राहतात, पहाट होते, पुन्हा बर्फ पडतो, आणि काहीच घडत नाही. वीररसाच्या कवितेला हे जमणे शक्यच नव्हते, कारण तिला काही तरी घडावे लागते. सैनिकाचा बराचसा वेळ मात्र काहीही न घडण्याची दहशत सोसण्यातच जातो.

सर्वात प्रसिद्ध कविता अर्थातच विषारी वायूवरची. तिचे नाव ‘डुल्से एट डेकोरम एस्ट’. होरेस या रोमन कवीच्या एका ओळीतले हे लॅटिन शब्द. देशासाठी मरणे गोड आणि शोभणारे आहे, असा त्या ओळीचा आशय. तेव्हाच्या ब्रिटिश शाळांत मुलांकडून ती पाठ करून घेतली जाई. ओवेनने हेच शब्द शीर्षकाला घेतले आणि खाली थकून, लंगडत, रक्ताळलेल्या पायांनी मागे परतणारी एक तुकडी उभी केली. वायूचे गोळे पडतात. सगळे गडबडीत मास्क चढवतात. एकाला जमत नाही. मास्कच्या काचेतून, हिरवट प्रकाशात, तो समुद्रात बुडावा तसा बुडताना दिसतो.

इथे थोडे रसायनशास्त्र पाहायला हवे. जर्मन सैन्याने २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे क्लोरीन वायूचा पहिला मोठा हल्ला केला. क्लोरीन पिवळसर हिरवा असतो आणि हवेपेक्षा जड असल्याने खंदकात उतरून साचतो. श्वासाबरोबर आत गेला की फुप्फुसांतल्या ओलाव्याशी त्याची क्रिया होऊन आम्ले तयार होतात. ऊतींना इजा होते, फुप्फुसांत द्रव भरू लागतो. माणूस कोरड्या जमिनीवर उभा असताना आतल्या आत बुडतो. म्हणजे ओवेनची बुडण्याची प्रतिमा ही कविकल्पना कमी आणि निरीक्षण जास्त आहे. शाळकरी पाठांतराला उत्तर म्हणून त्याने हे निरीक्षण समोर ठेवले आहे.

या कवितेचा मधला भाग फक्त दोन ओळींचा आहे. तो माणूस अजूनही रोज स्वप्नात येतो, असे त्यात निवेदक सांगतो. प्रसंग भूतकाळातला आहे, स्वप्न मात्र चालू वर्तमानकाळात. आघातानंतर मनावर राहणाऱ्या या परिणामाला अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने ‘पीटीएसडी’ या नावाने अधिकृत निदानांच्या यादीत घेतले, ते १९८० मध्ये.

रुग्णालयात काय घडले?

१९१७ च्या वसंतात ओवेन एका तळघरात पडून डोक्याला मार लागला. पुढे सॅव्हीजवळ तोफगोळ्याच्या स्फोटाने तो उडवला गेला आणि काही दिवस रेल्वेच्या बांधावर, एका सहकारी अधिकाऱ्याच्या छिन्नविच्छिन्न अवशेषांजवळ पडून राहिला. त्यानंतर तो थरथरू लागला, बोलताना अडखळू लागला. त्याच्या वरिष्ठाने त्याच्या धैर्याबद्दल शंका घेतली, असे चरित्रकार नमूद करतात. हॅरी फारपेक्षा त्याचे नशीब वेगळे ठरले. तो अधिकारी होता. त्याला एडिनबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात धाडण्यात आले.

तिथे त्याचे डॉक्टर आर्थर ब्रॉक यांची पद्धत रुग्णाला कामाला लावण्याची होती. त्यांनी ओवेनकडे रुग्णालयाच्या ‘द हायड्रा’ या अंकाचे संपादन सोपवले. ऑगस्ट १९१७ मध्ये त्याने आपल्याच मजकुराने धाडस करून एका नव्या रुग्णाच्या खोलीचा दरवाजा ठोठावला. तो रुग्ण होता सिगफ्रिड ससून, नाव झालेला कवी. ससून आजारी नव्हताच म्हटले तरी चालेल. जखमी साथीदारांना गोळीबारातून उचलून आणल्याबद्दल त्याला ‘मिलिटरी क्रॉस’ मिळाला होता. त्याच्या बेफिकीर धाडसामुळे सैनिक त्याला ‘मॅड जॅक’ म्हणत. जुलै १९१७ मध्ये त्याने जाहीर निवेदन काढले, की बचावासाठी सुरू झालेले हे युद्ध आता जिंकून घेण्यासाठी लांबवले जात आहे आणि यापुढे आपण त्यात भाग घेणार नाही. ते ब्रिटिश संसदेत वाचले गेले, दुसऱ्या दिवशी ‘टाइम्स’मध्ये छापून आले.

त्याला कोर्ट मार्शल झाला असता तर प्रकरण पेटले असते. कवी रॉबर्ट ग्रेव्हज या मित्राने खटपट केली आणि वैद्यकीय मंडळाने ससूनला ‘शेल शॉक’ झाल्याचे ठरवून क्रेगलॉकहार्टला पाठवले. सरकारच्या दृष्टीने ही सोयीची वाट होती. युद्धाला नाही म्हणणारा शहाणा माणूस अडचणीचा, वेडा ठरला की प्रश्न मिटतो. या एका निर्णयामुळे इंग्रजी कवितेतले दोन महत्त्वाचे कवी एकाच छताखाली आले, हा त्यातला अनपेक्षित भाग.

ससूनने ओवेनला कच्चे खर्डे तपासून दिले, जड सजावटी शब्द काढायला सांगितले, बोलण्यातली भाषा आणायला सांगितली. वायूवरच्या कवितेचा पहिला खर्डा याच काळातला, ऑक्टोबर १९१७ मधला. त्यावर आधी जेसी पोप यांना उपरोधाने अर्पण केल्याचा उल्लेख होता. पोप या वर्तमानपत्रांतून तरुणांना भरतीसाठी डिवचणाऱ्या कविता लिहीत. नंतर ओवेनने तो उल्लेख खोडला आणि एका माणसावरचा वार सगळ्या वाचकांकडे वळवला.

भ्रमनिरास नेमका कशाबद्दल?

समोरच्या जर्मन शिपायाबद्दलचा राग या कवितांत शोधूनही फार सापडत नाही. ओवेनच्या ‘स्ट्रेंज मीटिंग’मध्ये मेलेल्या सैनिकाला जमिनीखाली एक अनोळखी माणूस भेटतो. तो आदल्या दिवशी त्यानेच मारलेला शत्रू निघतो, आणि दोघांची स्वप्ने सारखीच होती असे लक्षात येते. आयझॅक रोझेनबर्ग हा लंडनच्या ईस्ट एंडमधल्या गरीब ज्यू कुटुंबातला चित्रकार-कवी, साधा शिपाई. त्याच्या कवितेत एक उंदीर त्याच्या हाताला स्पर्शून जातो आणि थोड्या वेळाने जर्मन हातालाही तसाच स्पर्श करील, हे त्याला जाणवते. दोन्ही बाजूंना बिनधास्त फिरण्याची मुभा फक्त त्या उंदराला आहे. रोझेनबर्ग १ एप्रिल १९१८ रोजी मारला गेला.

पलीकडच्या बाजूलाही हेच चालले होते. ऑस्ट्रियाचा कवी गेऑर्ग ट्राक्ल हा सैन्यात औषधे सांभाळत असे. १९१४ च्या शरद ऋतूत ग्रोडेकच्या लढाईनंतर सुमारे ९० गंभीर जखमींची देखभाल त्याला जवळपास एकट्याने, पुरेशा औषधांविना करावी लागली. तो खचला. त्या लढाईवरची कविता लिहून काही आठवड्यांत, क्राकोच्या लष्करी रुग्णालयात, कोकेनच्या अतिरेकाने तो मेला. तो २७ वर्षांचा होता.

मग राग कोणावर? मागे घरी बसून युद्धाबद्दल बोलणाऱ्यांवर. ससूनच्या ‘द हीरो’मध्ये एक अधिकारी मेलेल्या सैनिकाच्या म्हाताऱ्या आईकडे जातो आणि तुमचा मुलगा शूरासारखा गेला, असे सांगतो. आई अभिमानाने ऐकते. बाहेर पडल्यावर कळते, की तो मुलगा खंदकात भेदरून गेला होता आणि घरी जायला मिळावे म्हणून धडपडत होता. अधिकारी खोटे बोलला, पण वाचकाला त्याचा राग येत नाही. आईला खरे सांगायचे तरी कसे?

ओवेनची ‘एस. आय. डब्ल्यू.’ ही कविता आणखी पुढे जाते. स्वतःला करून घेतलेली जखम, याचे ते लष्करी लघुरूप. घरून पत्रे येत राहतात, वडिलांना मुलगा पळपुटा ठरण्यापेक्षा मेलेला चालेल, आणि खंदकात मुलगा स्वतःवरच गोळी झाडतो. घरी कळवले जाते ते वेगळेच. ‘डिसेबल्ड’मधला मुलगा वय खोटे सांगून भरती झालेला आहे, गणवेश चांगला दिसतो म्हणून आणि फुटबॉलच्या सामन्यानंतरच्या धुंदीत. आता तो चाकाच्या खुर्चीत बसून, आपल्याला झोपवायला कोणी कधी येईल याची वाट पाहतो.

या सगळ्या कवितांत एक दुवा आहे. भीती वाटते हे सैनिकाला ठाऊक आहे, त्याच्या साथीदारांना ठाऊक आहे, डॉक्टरला ठाऊक आहे. ती घरापर्यंत पोहोचत नाही. वाटेत पत्र तपासणारा अधिकारी, वर्तमानपत्र, प्रवचन आणि आईबद्दलची माया, असे सगळे अडथळे आहेत. कवींचा झगडा त्या अडथळ्यांशी होता. युद्ध सुरू होताच स्टेटसवर वीरगीते चढवणाऱ्या आजच्या मोबाइलधारकाला त्यातले काही ओळखीचे वाटू शकेल.

पण हे कवी सगळ्या सैनिकांचे प्रतिनिधी होते का?

नाही, आणि हा आक्षेप रास्त आहे. युद्धकाळात आणि नंतर कविता प्रसिद्ध करणाऱ्या ब्रिटिश कवींची कॅथरिन रायली यांनी केलेली सूची २,२२५ नावांची आहे. त्यातल्या बहुतेकांची कविता पारंपरिक आणि देशभक्तीची होती. ओवेनच्या तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच कविता त्याच्या हयातीत छापल्या गेल्या. युद्ध निरर्थक होते ही समजूत मूठभर संवेदनशील अधिकारी-कवींमुळे पसरली आणि सामान्य सैनिकाची चिकाटी झाकोळली गेली, असे ब्रायन बाँड यांच्यासारखे लष्करी इतिहासकार म्हणतात.

साहित्यातूनही विरोध झाला. डब्ल्यू. बी. येट्स यांनी १९३६ मध्ये ऑक्सफर्डसाठी आधुनिक कवितेचे संकलन केले, तेव्हा ओवेनला वगळले. केवळ सोसणे हा कवितेचा विषय होऊ शकत नाही, असे त्यांचे मत होते. येट्स मोठे कवी, पण इथे त्यांची गफलत झाली असे म्हणावे लागते. गर्नीचा शिपाई जेव्हा शांतपणे नाही म्हणतो, तेव्हा तो नुसते सोसत नसतो. शिवाय कवितेच्या शेवटी तो मागे येतो, पुन्हा पुढे जातो आणि पुन्हा त्याच तारेसमोर उभा ठाकतो.

भारतीय शिपायांची भीती कुठे नोंदली गेली?

या युद्धात भारतातून दहा लाखांहून अधिक माणसे परदेशी पाठवली गेली. त्यातली सुमारे ७४ हजार परतली नाहीत. बहुतेक शिपायांना लिहिता-वाचता येत नव्हते, ते लेखनिकाकडून पत्रे लिहवून घेत. ही पत्रे सैन्याचे अधिकारी उघडून वाचत आणि त्यांतील उताऱ्यांचे इंग्रजी भाषांतर वरिष्ठांना पाठवत. ते अहवाल लंडनमध्ये जपून ठेवलेले आहेत. आपले पत्र वाचले जाते, हे शिपायांच्याही लवकर लक्षात आले. मग ते आडून बोलू लागले. काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरली जात आहे, असे कोणी लिहिले तर त्याचा अर्थ भारतीय सैनिक संपत आले, आता गोऱ्यांना पुढे केले जात आहे, असा होता. भीती अशी मसाल्याच्या डब्यात लपवून घरी धाडली जात होती.

जर्मनांच्या हाती सापडलेल्या भारतीय सैनिकांना बर्लिनजवळ व्युन्सडॉर्फच्या छावणीत ठेवले होते. तिथे जर्मन भाषातज्ज्ञांनी त्यांचे आवाज ध्वनिमुद्रित केले. ११ डिसेंबर १९१६ रोजी मल्ल सिंग नावाचा पंजाबी सैनिक यंत्रासमोर बोलला. एक माणूस होता, तो हिंदुस्थानात लोणी खायचा, मग तो इंग्रजांच्या लढाईत आला आणि कैद झाला, आता त्याला परत जायचे आहे, अशी ती छोटीशी गोष्ट. तो स्वतःबद्दलच बोलत होता, पण तृतीयपुरुषात. ओवेन किंवा गर्नी यांना कवितेत ‘मी’ म्हणण्याची मुभा होती, तेवढी त्याला नव्हती.

महाराष्ट्राचा संबंध अधिक थेट आहे तो मेसोपोटेमियाशी, म्हणजे आजच्या इराकशी. डिसेंबर १९१५ मध्ये कूत-अल-अमारा येथे तुर्की सैन्याने वेढलेली ६ वी तुकडी ‘पूना डिव्हिजन’ म्हणूनच ओळखली जाई. तिच्यात १०३ वी आणि ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७ वी मराठा या पलटणी होत्या. वेढा १४७ दिवस चालला. धान्य संपत आले तेव्हा घोडे कापले जाऊ लागले. अनेक भारतीय शिपायांनी धर्म आणि जातीच्या भीतीने ते मांस खायला बराच काळ नकार दिला आणि ते उपासमारीने खंगत गेले. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार जणांनी शरणागती पत्करली. त्यानंतरची वाळवंटातली पायपीट आणि कैद यांत हजारो मेले. पलटणीच्या सन्मानचिन्हांत कूत आहे. मरणापेक्षा गावी वाळीत पडण्याची धास्ती मोठी ठरावी, ही भीती मात्र ओवेनच्याही कवितेत सापडणार नाही.

घाबरलेला ओवेन परत का गेला?

त्याला न जाण्याची संधी होती. बरा झाल्यावर ओवेनला ब्रिटनमध्येच हलकी कामे देण्यात आली होती. १९१७ संपताना आईला लिहिलेल्या पत्रात त्याने फ्रान्समधल्या एताप्लच्या छावणीतल्या सैनिकांच्या चेहऱ्यावरचा भाव आठवला आहे. तो दहशतीचा नव्हता, निराशेचाही नव्हता. मेलेल्या सशाच्या चेहऱ्यासारखा तो कोरा होता, आणि त्याचे वर्णन करायचे तर आपल्याला त्यांच्यात परत जावे लागेल, असे त्याने लिहिले. ससूनही परत गेलाच होता. जुलै १९१८ मध्ये त्याच्याच बाजूच्या एका सार्जंटने चुकून झाडलेली गोळी त्याच्या डोक्याला चाटून गेली आणि त्याचे युद्ध संपले.

ओवेन ऑगस्ट १९१८ च्या अखेरीस फ्रान्सला परतला. ऑक्टोबरच्या पहिल्या दोन दिवसांत झालेल्या हल्ल्यातील कामगिरीबद्दल त्याला ‘मिलिटरी क्रॉस’ जाहीर झाला. ज्याच्या धैर्यावर शंका घेतली गेली होती, तोच हा माणूस. या मुलांचे नेतृत्व करायचे आणि त्यांचे हाल पाहून वकिलाने मांडावेत तसे ते मांडायचे, या दोन कामांसाठी आपण आलो आहोत, असे त्याने आईला कळवले. ४ नोव्हेंबर रोजी ऑर्स गावाजवळ कालवा ओलांडताना तो मारला गेला. सात दिवसांनी, ११ नोव्हेंबरला, श्रूजबरीमध्ये युद्ध संपल्याच्या घंटा वाजत असताना तार घरी पोहोचली. तो २५ वर्षांचा होता.

त्याच्या कवितांचे पुस्तक १९२० मध्ये आले, ससूनच्या प्रस्तावनेसह. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच्या आईने, सुझन ओवेन यांनी, रवींद्रनाथ टागोर यांना पत्र लिहिले. युद्धावर शेवटचे निघताना मुलाने समुद्राकडे पाहत टागोरांच्या एका कवितेचे शब्द म्हटले होते. मृत्यूनंतर त्याची खिशातली वही घरी आली, तेव्हा तेच शब्द त्याच्या हस्ताक्षरात, खाली टागोरांचे नाव घालून लिहिलेले त्यांना दिसले. ती पूर्ण कविता कोणत्या पुस्तकात सापडेल, एवढेच त्यांना टागोरांकडून हवे होते.